सव्वा महिना सरल्यानंतर बाळंतिणीचे काय?

औसा, प्रतिनिधी : बाळंतपण सुखरूप पार पडले, की घरात पेढे वाटले जातात. मुलगा की मुलगी, वजन किती, कोणावर गेले आहे, या प्रश्नांची उत्तरे नातेवाईकांना फोनवरून दिली जातात. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा होते, बाराव्या दिवशी बारसे होते आणि भेटायला येणारा प्रत्येक जण पाळण्यात डोकावून जातो. या धामधुमीत जिच्यामुळे हा सोहळा घडला, त्या बाईची चौकशी मात्र बहुधा ‘दूध पुरते ना?’ एवढ्यावरच आटोपते. हा प्रश्नही खरे तर बाळाविषयीचाच असतो.

प्रसूतीनंतरचे पहिले काही महिने हा स्त्रीच्या आयुष्यातील अत्यंत नाजूक काळ आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सव्वा महिन्याची चौकट आखून दिली. आजची शासकीय आरोग्य यंत्रणाही ४२ दिवसांचा हिशेब धरून चालते. परंतु या दोन्ही व्यवस्थांचे लक्ष ज्या सुमारास तिच्यावरून उठते, त्याच सुमारास मनाच्या दुखण्याची लक्षणे ठळक होऊ लागतात. आधाराचे वेळापत्रक आणि दुखण्याचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. ही तफावत कोठे आहे आणि ती घरच्या घरी, गावच्या गावी कशी भरून काढता येईल, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लातूरपासून वीसेक किलोमीटर अंतरावरील औसा हे भुईकोट किल्ल्याचे आणि नाथ संस्थानाचे तालुक्याचे गाव. भोवतालची खेडी सोयाबीन आणि तुरीची. पूर्वी येथील खेड्यांत सुईणीच्या हातून घरीच बाळंतपणे होत. आज बाळंतीण ग्रामीण रुग्णालयात किंवा लातूरच्या दवाखान्यात दाखल होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. हे यश मोठे आहे. पण दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यानंतर पुढचे तीन-चार महिने ती स्त्री घरातच असते आणि तेथे तिची देखभाल कोणी, किती आणि कशी करावी, याचे उत्तर रूढी, परिस्थिती आणि नशीब या तिघांवर सोपवलेले असते.

जुन्या चौकटीत खरे काय, घातक काय?

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीला माहेरी आणण्याची रीत मराठवाड्यात आजही टिकून आहे. सव्वा महिना बाळंतिणीने घरकाम करायचे नाही, पाण्यात हात घालायचा नाही, ओझे उचलायचे नाही. न्हाऊ घालणारी बाई रोज येणार, अंगाला तेल लावणार, कढत पाण्याने न्हाऊ घालणार, ओवा-बाळंतशोपांची धुरी देणार. जेवणात बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. औशातील मुस्लिम कुटुंबांतही चाळीस दिवसांचा ‘चिल्ला’ पाळला जातो. विश्रांतीच्या अशा मुदती इतर देशांतही आहेत. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही. नेदरलँड्समध्ये प्रसूतीनंतरचे आठ-दहा दिवस प्रशिक्षित सेविका घरी येऊन आई व बाळाची काळजी घेते, घरकामाला हातभार लावते आणि त्याचा खर्च विम्यातून भागतो. आपल्या न्हाऊ घालणाऱ्या बाईचेच हे सुधारलेले रूप म्हणावे लागेल.

या रीतीमागचे तत्त्व शास्त्राला मान्य आहे. गर्भाशय पूर्वस्थितीला येण्यास साधारणतः सहा आठवडे लागतात. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली असेल, तर पोटावरील जखम आतून भरण्यासही तेवढाच अवधी द्यावा लागतो. वर उल्लेखिलेल्या पाहणीत राज्यातील चारपैकी एक प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. पहिल्या सहा महिन्यांत स्तनपान करणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे डिंकाचा लाडू हा निव्वळ कौतुकाचा पदार्थ नसून त्याला आहारशास्त्राचाही आधार आहे.

परंतु याच चौकटीत काही गोष्टी अपायकारकही आहेत. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, हा समज त्यांपैकी पहिला. स्तनपान करणाऱ्या बाईला पाणी जास्त लागते. ते तोडल्याने बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना आमंत्रण मिळते. फळे आणि पालेभाज्या ‘थंड’ म्हणून वर्ज्य करणे, हा दुसरा. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये, म्हणजे ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये, रक्तक्षय असल्याचे त्याच पाहणीने नोंदविले आहे. अशा स्थितीत रक्त गमावलेल्या बाईच्या ताटातून भाजी काढून घेणे परवडणारे नाही. प्रसूतीनंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात. माहेरच्या गडबडीत हा क्रम अनेकदा तुटतो. तिसरा धोका खाटेखालच्या शेगडीचा. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटविल्यास खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, त्यामुळे तो ओळखू येत नाही. शेक द्यायचाच असेल, तर खोली हवेशीर ठेवावी आणि झोपताना विस्तव बाहेर काढावा.

चौथी गोष्ट सहज दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत महिनाभर राहणाऱ्या बाईला विश्रांती मिळते की एकांतवास, हे घरातील माणसांवर अवलंबून असते. सोबतीला आई, आजी, बहीण असेल, बोलणे-हसणे असेल, तर ती विश्रांती. ताट आत सरकवून दार लोटले जात असेल, तर तोच सव्वा महिना तिला जड जातो.

शरीराचे दुखणे : ‘बाळंतपणात असे होतेच’

प्रसूतीनंतरच्या आजारांचे नेमके मोजमाप महाराष्ट्रातच झाले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ७७२ स्त्रियांचा गरोदरपणापासून प्रसूतीनंतरपर्यंत मागोवा घेतला. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के स्त्रियांना आजार किंवा गुंतागुंत झाली. प्रसूतीनंतरच्या काळात हेच प्रमाण ४२.९ टक्के होते. स्तनांच्या तक्रारी, उशिरा सुरू झालेला रक्तस्राव, जननमार्गाचा संसर्ग आणि निद्रानाश या तक्रारी त्यात आघाडीवर होत्या. ती बाळंतपणे मुख्यतः घरी झालेली होती, हे खरे. तरीही त्यातून निघणारा धडा आजही लागू आहे. सगळ्यांचे लक्ष प्रसूतीच्या घटकेवर खिळलेले असते, पण दुखण्यांचा मोठा वाटा त्यानंतर येतो.

यातील बहुतेक दुखणी ‘बाळंतपणात असे होतेच’ या एका वाक्याने झाकली जातात. पुढील लक्षणे दिसल्यास मात्र वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा :

- तासाभरात एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजेल असा रक्तस्राव, अथवा मोठ्या गाठी जाणे
- ताप, थंडी वाजणे, स्रावाला दुर्गंधी येणे
- टाक्यांतून पू येणे, टाक्यांची जागा लाल होऊन ठणकणे
- स्तनावर लाल, गरम, दुखरी गाठ
- एकाच पायाला सूज आणि वेदना, धाप लागणे, छातीत दुखणे
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके येणे

शेवटचे लक्षण विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गरोदरपणात रक्तदाब व्यवस्थित असलेल्या स्त्रीचाही रक्तदाब प्रसूतीनंतर वाढू शकतो. ‘बाळ बाहेर आले, आता धोका टळला’ असे समजून ही डोकेदुखी अंगावर काढली जाते आणि त्यातून जिवावर बेतते.

मनाचे दुखणे : तीन पायऱ्या

प्रसूतीनंतर काही दिवसांतच शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी एकदम खाली येते. त्यात रात्रीची जागरणे, टाक्यांचे दुखणे आणि एका जिवाची नवी जबाबदारी यांची भर पडते. अशा वेळी मन हेलावणे स्वाभाविक असते. मात्र यात तीन वेगवेगळ्या अवस्था असून त्यांची गल्लत करणे धोक्याचे ठरते.

पहिली अवस्था सौम्य उदासीची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतिणीला विनाकारण रडू येते, चिडचिड होते, क्षणात हसू क्षणात आसू अशी स्थिती होते. निम्म्याहून अधिक मातांना हा अनुभव येतो. दहा-पंधरा दिवसांत तो आपोआप निवळतो. त्याला औषध लागत नाही. झोप, पोटभर जेवण आणि आपुलकीचे माणूस पुरते.

दुसरी अवस्था प्रसूतीपश्चात नैराश्याची. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकते, कशातच गोडी वाटत नाही, बाळ झोपलेले असतानाही झोप येत नाही, ‘मी चांगली आई नाही’ ही टोचणी लागून राहते, बाळाबद्दल माया वाटत नाही म्हणून अपराधी वाटते. क्वचित जगणे नकोसे वाटते. आपल्याकडची स्त्री यातले काही थेट सांगत नाही. ती म्हणते, डोके जड झाले आहे, अंग मोडून येते, जीव घाबरा होतो, हातापायांना मुंग्या येतात. मग डोकेदुखीची गोळी मिळते आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार यांतही अशाच तक्रारी उद्भवतात, म्हणून रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते.

हा आजार दुर्मीळ नाही. भारतातील ३८ अभ्यासांमधून २० हजारांहून अधिक मातांची माहिती एकत्र करून केलेला आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील सुमारे २२ टक्के माता प्रसूतीपश्चात नैराश्यातून जातात. म्हणजे साधारण दर पाच बाळंतिणींमागे एक.

तिसरी अवस्था तीव्र मनोविकाराची. हजारांत एखाद-दुसऱ्या मातेला, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, ती अचानक गाठते. झोप पार उडते, बाई असंबद्ध बोलू लागते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र समज करून घेते. पूर्वी त्याला ‘बाळंतरोग’ म्हणत आणि ‘बाहेरचे झाले’ म्हणून देवऋषी गाठत. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. अशा स्थितीत आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला एकटी न सोडता त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते. वेळेवर उपचार मिळाल्यास यातून बहुसंख्य स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे वा मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे.

आधार नेमका केव्हा सुटतो?

आता दिनदर्शिका समोर ठेवून पाहू. दवाखान्यात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी ‘आशा’ कार्यकर्तीने सहा भेटी द्यायच्या असतात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी प्रसूती झाली असेल, तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट. या योजनेचे मूळही गडचिरोलीत आहे. गावातल्याच स्त्रीला प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्याचा बंग दांपत्याचा प्रयोग १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ मध्ये देशभर ही पद्धत स्वीकारली गेली. जन्मच मुळी बालमृत्यू रोखण्यासाठी झालेला असल्याने या भेटींचा भर स्वाभाविकपणे बाळाचे वजन, तापमान आणि स्तनपान यांवर राहिला. आईचा ताप, रक्तस्राव, स्तनांच्या तक्रारी यांचीही विचारपूस होते; तिच्या मनाचा विषय मात्र ओघाने निघाला तरच निघतो.

बेचाळिसाव्या दिवसानंतरची भेट २०१८ पासून सुरू झालेल्या बालकांच्या गृहभेट कार्यक्रमानुसार थेट तिसऱ्या महिन्यात येते. तीही बाळाच्या वाढीसाठी. इकडे सव्वा महिना संपताच न्हाऊ घालणारी बाई येणे बंद होते आणि बाळंतीण हळूहळू कामाला लागते. पुढे दोन-तीन महिन्यांचे बाळ घेऊन तिची सासरी पाठवणी होते. तेथे स्वयंपाक, धुणी-भांडी, पाहुणे आणि रात्रीचे जागरण हे सारे एकदम अंगावर येते. आई जवळ नसते. दुसऱ्या खेपेचे बाळंतपण सासरीच झालेले असेल, तर हा अवधी आणखी आखडतो. शेतमजूर स्त्रीला सव्वा महिनाही मिळेल याची शाश्वती नसते; सोयाबीन काढणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी पुन्हा मिळत नाही. उसतोडीला कोयत्यावर गेलेल्या जोडप्याने तर उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी बाईलाही फडात उभे राहावे लागते. संघटित क्षेत्रातील नोकरदार मातेची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली, पण शेतावर राबणाऱ्या मातेच्या वाट्याला ती येत नाही.

नेमक्या याच टप्प्यावर काय घडते, हे गोव्यातील एका अभ्यासाने दाखविले आहे. तेथील जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या २७० मातांची तपासणी प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी करण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त होत्या. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवसांत चौकट मोडते, त्याच दिवसांत जवळपास चौघींपैकी एक जण आजारी होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आणखी दोन गोष्टी या अभ्यासाने पुढे आणल्या. नैराश्य आलेल्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झालेला होता. आणि गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध व जन्मलेल्या अपत्याचे लिंग यांचा या आजाराशी थेट संबंध आढळला. मुलगी झाल्यावर घरात पसरणारी शांतता बाळंतिणीच्या मनावर कसा घाव घालते, हे जाणत्या बायकांना सांगावे लागत नाही. या अभ्यासाने त्याची नोंद झाली.

शहरात परिस्थिती वेगळी असली, तरी सोपी नाही. लातूर, नांदेड किंवा पुण्यातील सदनिकेत राहणाऱ्या जोडप्याकडे दोन्हीकडच्या आया आळीपाळीने येतात आणि महिना-दोन महिन्यांनी परततात. पतीची रजा त्याआधीच संपलेली असते. बंद दाराआड दिवसभर ती आणि बाळ दोघेच उरतात.

विचारायचे कसे आणि कोणी?

नैराश्य ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही, प्रश्न लागतात. १९८७ मध्ये ब्रिटनमधील डॉ. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी एडिंबरा येथे दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या सात दिवसांत कसे वाटले, एवढेच त्यात विचारले जाते. जगभर ती वापरली जाते. गोव्यातील अभ्यासात तिचे कोकणी रूप वापरले होते. गुण अधिक आले म्हणजे आजार निश्चित झाला असे नव्हे, तर डॉक्टरांकडे जाण्याची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून सोपा मार्ग दोन प्रश्नांचा आहे. ‘गेल्या महिन्याभरात मन वारंवार उदास, खचल्यासारखे वाटले का?’ आणि ‘पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता गोडी वाटत नाही, असे होते का?’ यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढची चौकशी करावी. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार बोलून दाखविल्यास मात्र क्षणाचाही विलंब लावू नये. असे विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले, यानेच तिला हायसे वाटते.

हे प्रश्न मानसोपचारतज्ज्ञानेच विचारावेत असे नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात डॉ. अतिफ रहमान यांनी गावपातळीवरील आरोग्य सेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त मातांशी ठरावीक पद्धतीने संवाद साधायला शिकविले. मातेची तब्येत, तिचे बाळाशी नाते आणि घरातील माणसांशी नाते, या तीन विषयांभोवती हा संवाद फिरे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे सेविका साध्या गृहभेटी देत होत्या, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने गावातील अनुभवी मातांनाच हे काम शिकवून पाहिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तेथेही बऱ्या होणाऱ्या मातांचे प्रमाण अधिक आढळले, जरी फरक पाकिस्तानइतका मोठा नव्हता.

औसा तालुक्याला हा विचार परका नाही. याच तालुक्यातील किल्लारी परिसर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. घराची दुरुस्ती, अनुदान, मजबूत बांधकाम यांची माहिती त्या उंबऱ्या-उंबऱ्यावर जाऊन देत. शेजारचे धाराशिव जिल्ह्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. बाईचे दुखणे बाई बाईजवळच बोलते, हे या दोन्ही कामांचे सूत्र होते. पुनर्वसित गावांत घरे सुटी सुटी आणि गल्ल्या रुंद झाल्या. जुन्या गावठाणातील भिंतीला भिंत लागून असलेला शेजार विरळ झाला. अशा ठिकाणी बाळंतिणीकडे मुद्दाम उठून जाणारे माणूस अधिकच मोलाचे ठरते.

घराने काय करावे?

पहिली जबाबदारी पतीची. स्तनपान वगळता बाळाचे एकही काम असे नाही जे बापाला करता येणार नाही. लंगोट बदलणे, ढेकर काढणे, रात्री बाळाला खांद्यावर घेऊन फिरविणे, हे त्याने केले तर आईला सलग चार-पाच तासांची झोप मिळू शकते. नैराश्य टाळण्यासाठी या झोपेसारखे दुसरे औषध नाही. पत्नी माहेरी असेल, तर आठवड्यातून एकदा जाऊन बाळाचे फोटो काढून परतणे पुरेसे नाही. तिच्याजवळ बसून बोलणे आवश्यक आहे.

सासू आणि आई या दोघींनी तुलना टाळावी. ‘आम्ही आठव्या दिवशी कामाला लागलो होतो’ हे वाक्य कौतुकाने म्हटले तरी ऐकणारीला ते टोचते. बाळ रडले की ‘दूध पुरत नाही’ हा निकाल लगेच देऊ नये. बाळाचे वजन वाढत असेल आणि दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. भेटीला येणाऱ्यांनी वेळ विचारून यावे, लवकर निघावे आणि जाताना बाळंतिणीसाठी एखादी भाजी, एखादा डबा ठेवून जावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिला अंगणात बसू द्यावे. सासरी पाठवणी करताना आईने विहिणीला ‘हिला अजून महिनाभर जपा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. मुलीकडची बाजू म्हणून संकोच करू नये. आणि सासरच्यांनी पहिल्या महिन्यात तिच्या वाट्याला बाळाव्यतिरिक्त एकच काम येईल, एवढे पाहावे.

मदत कोठे मिळेल?

सरकारी रुग्णालयात प्रसूती झाल्यास औषधोपचार, आहार आणि ने-आण २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार विनामूल्य आहे. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मोफत आहाराची तरतूद असल्याने घरी जाण्याची घाई करू नये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. हे पैसे मातेच्या पोषणासाठी आणि बुडालेल्या मजुरीच्या भरपाईसाठी आहेत, याची आठवण घरच्यांनी ठेवावी.

मनाच्या तक्रारीसाठी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना भेटावे. पुढील उपचार लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होऊ शकतात. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर २०२२ पासून दिवसरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीत बोलता येते. जिवाला धोका असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधे सुरू झाली म्हणजे स्तनपान थांबवावे लागते, हा समज सरसकट खरा नाही. नैराश्यावरील काही औषधे स्तनपान चालू ठेवून घेता येतात. निर्णय डॉक्टरांवर सोपवावा आणि बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरी तीन वर्षांखालील बाळाला आईपासून सामान्यतः वेगळे करू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींमध्ये प्रसूतीनंतरच्या भेटींत मातेच्या नैराश्याची व चिंतेची चाचपणी करण्यास सांगितले आहे. आपल्याकडे त्यासाठी नवी इमारत उभारावी लागणार नाही. आशा कार्यकर्ती घरी येतेच. सहाव्या भेटीत आईसाठी दोन प्रश्न वाढविणे, त्यांची उत्तरे हाताळण्याचे प्रशिक्षण व मोबदला तिला देणे आणि बेचाळिसाव्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या पोकळीत आणखी एक भेट आईसाठी राखून ठेवणे, एवढे केले तरी बरेच साधेल.

तोवर हे काम घरातल्या आणि शेजारच्या माणसांचे आहे. दीड-दोन महिन्यांचे बाळ असलेल्या घरी यापुढे जाणे झाले, तर पाळण्याकडे वळण्यापूर्वी तिच्याजवळ बसावे, ‘तुला झोप लागते का? तुला कसे वाटते?’ असे विचारावे आणि उत्तर यायला थोडा वेळ लागला, तर तेवढा वेळ थांबावे.